श्रीलंकेच्या धम्मयात्रेला निघताना

देहूरोडच्या विहारातील बुद्धमूर्ती बाबासाहेबांनी रंगूनहून आणली आणि 25 डिसेंबर 1954 रोजी तिची स्थापना केली. त्याआधी 1950 साली कँडी येथील बौद्ध परिषदेसाठी ते श्रीलंकेला गेले होते. मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना त्यांनी हे प्रवास केले. आज आपल्या वस्त्यांमधूनही भिशीत, पगारात पैसे साठवून लोक अनुराधपूर, मिहिंतले, कँडीला जाऊ लागले आहेत. कंपनीत रजा मिळते आठ दिवसांची, आणि सोबत बहुतेक वेळा साठी ओलांडलेली आई किंवा सासूबाई असतात. म्हणून या अंकात त्या प्रवासातील तब्येतीविषयी लिहीत आहोत.

आधी कागदांचे थोडक्यात. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपुढे किमान सहा महिने असावी. प्रवेशपरवान्याचे नियम आणि शुल्क बदलत असते, तेव्हा श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच पैसे भरा, मधल्या माणसाच्या शब्दावर नको. ईएसआयचे कार्ड किंवा सरकारी आरोग्य योजना परदेशात चालत नाही. प्रवास विमा घ्या आणि त्यात बीपी, शुगर, हृदयाचा आजार लपवू नका. लपवलेल्या आजारावरचा खर्च कंपनी नाकारते. सहल नेणाऱ्याला विचारा: विमा पैशांत धरला आहे का? कुणी दवाखान्यात दाखल झाले तर सोबत कोण थांबणार? उत्तर लेखी घ्या. यात लाजण्यासारखे काही नाही, पैसे आपल्या घामाचे आहेत.

औषधे जितके दिवस जाणार त्याहून आठवडाभर जास्त घ्या. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, सुट्या करून डबीत भरू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, कारण तिथे कंपन्यांची नावे वेगळी असतात. वायसीएम किंवा ईएसआयच्या डॉक्टरांना जाण्याआधी पंधरा दिवस दाखवा, आदल्या दिवशी नव्हे. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवायचे. विमानाच्या पोटात गेलेल्या सामानात ते गोठू शकते, आणि गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते. बसमध्ये काचेजवळच्या उन्हातही ठेवू नका.

आता सगळ्यांत महत्त्वाचे, पाय. तिकडच्या विहारात आणि स्तूपाच्या अंगणात चपला बाहेर काढाव्या लागतात. अनुराधपूरच्या रुवनवेलिसाय स्तूपाभोवतीची फरशी दुपारी तव्यासारखी तापते. तुमचे-आमचे पाय चटका बसताच उचलले जातात. पण दहा-पंधरा वर्षे शुगर असलेल्या माणसाच्या तळव्यांची संवेदना गेलेली असते. त्याला भाजलेले कळतच नाही. संध्याकाळी खोलीवर आल्यावर फोड दिसतो, आणि गावी परतेपर्यंत त्याची जखम होते. अशा जखमेतून बोट किंवा पाय काढण्याची पाळी येते, हे आपल्या प्रत्येक वस्तीने पाहिले आहे. म्हणून दर्शन सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर घ्या. जाड सुती पांढरे मोजे घालून अंगणात फिरणारे यात्रेकरू तिथेही दिसतात, आपणही घालावेत. रोज रात्री आईचे तळवे आणि बोटांमधली जागा उजेडात स्वतः पाहा. तिला दिसत नाही आणि वाकताही येत नाही. मिहिंतलेला 1840 पायऱ्या आहेत. गुडघे किंवा छाती साथ देत नसेल तर वाहन बऱ्याच वरपर्यंत जाते, तिथून थोड्या पायऱ्या उरतात. सगळ्या पायऱ्या चढल्या नाहीत म्हणून वंदना कमी पडत नाही.

दुसरी गोष्ट अष्टशीलाची. पौर्णिमेला, तिकडच्या भाषेत पोयाला, आपल्या उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत. पण शुगरची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेतले आणि संध्याकाळी पोटात काही नाही, तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, गाडी बोलवा. उपोसथ धरायचाच असेल तर गोळ्यांचे वेळापत्रक आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या. विनयात आजारी भिक्खूला दुपारनंतरही तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी औषध म्हणून घेण्याची मुभा आहे. भिक्खूला जी सवलत, ती आपल्या आजीने नाकारावी हे काही पटत नाही.

बोलवायची गाडी म्हणजे 1990. आपल्या 108 सारखी मोफत रुग्णवाहिका आहे, 2016 साली भारताच्या मदतीने सुरू झाली. हा आकडा सगळ्यांच्या मोबाइलमध्ये भरून ठेवा.

पाणी बाटलीबंदच प्या. केशरी शहाळे, ज्याला ते तांबिली म्हणतात, उत्तम. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शाकाहारी लोकांनी नारळाच्या चटणीबद्दल विचारून घ्यावे, तिच्यात बऱ्याचदा सुकी मासळी कुटून घालतात. विहारांभोवती माकडे आणि कुत्री असतात, हातात खाऊची पिशवी दिसू देऊ नका. चावले किंवा ओरखडले तर साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्यात धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. घरी जाऊन घेऊ, असे म्हणू नका.

तरुण मुलांसाठी एक सूचना. दंडावर बुद्धमूर्ती गोंदवली असेल तर पूर्ण झाका. 2014 साली एका ब्रिटिश महिलेला याच कारणावरून कोलंबोहून परत पाठवले होते. बुद्धाचे चित्र असलेला टी-शर्टही नेऊ नका, आणि मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. आपल्याकडे ते प्रेमाने होते, तिकडे तो अनादर समजतात.

श्रीलंकेला 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियामुक्त जाहीर केले. पण तो पसरवणारे डास तिथे आहेतच. त्यामुळे तिथे ताप आला तर आम्ही भारतातून आलो हे डॉक्टरांना सांगा, ते रक्त तपासतील. डेंग्यू मात्र तिथे भरपूर आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो. पूर्ण बाह्यांचे पांढरे कपडे दर्शनालाही चालतात आणि डासांपासूनही वाचवतात. तापात फक्त पॅरासिटामॉल घ्यायची. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक किंवा अंगदुखीची दुसरी गोळी मनाने घेऊ नका, डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर शिफ्टला जाण्याआधी दवाखाना गाठा आणि श्रीलंकेला जाऊन आलो हे पहिल्या वाक्यातच सांगा.