पुढचं चाक हवेत, लक्ष ब्रेकवर

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टॅलाडेगा नावाचा मोटार शर्यतींचा प्रचंड मोठा ट्रॅक आहे. १९८४ च्या जूनमध्ये डग डोमोकॉस या स्वाराने तिथे आपल्या होंडा एक्सआर ५०० चं पुढचं चाक उचललं आणि १४५ मैल, म्हणजे जवळपास २३३ किलोमीटर, ते जमिनीला टेकूच दिलं नाही. पुण्याहून कोल्हापूर गाठावं एवढं अंतर, तेही एका चाकावर! अखेर चाक खाली आलं तेव्हा डोमोकॉसचा तोल शाबूत होता. संपलं होतं ते पेट्रोल.

व्हीली म्हटलं की आपल्यासमोर येतो तो सायलेन्सरचा आवाज, कॉलेजच्या गेटसमोरची गर्दी आणि क्षणभर हवेत गेलेलं चाक. पण २३३ किलोमीटर म्हणजे तासन् तास. एवढा वेळ नुसत्या हिमतीवर निघत नाही. त्याला कसब लागतं, आणि कसब म्हटलं की ते शिकण्याची एक रीत आली. व्हीलीचीही आहे आणि ती मोठी मजेदार आहे.

विक्रमवीर आणि त्यांच्या गाड्या

डोमोकॉसला मागे टाकलं जपानच्या यासुयुकी कुडो यांनी. ५ मे १९९१ रोजी त्सुकुबाच्या चाचणी ट्रॅकवर त्यांनी ३३१ किलोमीटरची व्हीली केली. गाडी होती होंडा टीएलएम २२० आर, इंजिन अवघं २१६ सीसी. हा विक्रम २६ वर्षं टिकला. २०१७ मध्ये जपानच्याच मासारू आबे यांनी ५०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. त्यांना तेरा तास लागले आणि गाडी कोणती म्हणाल, तर यामाहा जॉग, चक्क एक स्कूटर! अंतराचे दोन मोठे विक्रम लहान गाड्यांवर झाले हे लक्षात ठेवा. शिकणाऱ्याने भारी गाडीच्या मागे लागू नये, याचा याहून चांगला पुरावा नाही.

वेगाचं प्रकरण वेगळं. १८ एप्रिल १९९९ रोजी स्वीडनच्या पॅट्रिक फुर्स्टेनहॉफने इंग्लंडमधल्या ब्रंटिंगथॉर्प इथे टर्बो बसवलेली होंडा ब्लॅकबर्ड मागच्या चाकावर ताशी ३०७.८६ किलोमीटर वेगाने पळवली. विमानाची धावपट्टी लाभलेली ती जागा होती. असल्या वेगाला दुसरीकडे कुठे जागाच नाही.

चाक उठतं कसं?

गाडीला पुढे ढकलणारा जोर लागतो तो मागचा टायर जमिनीला टेकतो तिथे, अगदी तळाशी. गाडीचं आणि स्वाराचं मिळून जे वजन असतं, त्याचा मध्य मात्र दोन-अडीच फूट वर असतो. खालून रेटा आला की वरचं वजन मागे राहू पाहतं आणि अख्खी गाडी मागच्या चाकाभोवती वळायला लागते. पुढचं चाक हलकं होतं आणि रेटा पुरेसा असेल तर उठतं.

आता गंमत बघा. वजनाचा मध्य मागच्या चाकापासून जेवढा पुढे, तेवढाच जमिनीपासून उंच असेल, तर चाक उचलायला गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण लागतं. शून्यापासून १०० किलोमीटरचा वेग साधारण २.८ सेकंदांत गाठायचा, असा त्याचा अर्थ. मोठ्या सुपरबाइक शून्य ते शंभरला तीन सेकंदांच्या आसपास घुटमळतात, त्याचं कारणही हेच. इंजिनात ताकद उरलेली असते, पण आणखी पिळलं तर गाडी पुढे जायच्या ऐवजी उभी राहते.

मग शंभर सीसीची गाडी कशी उचलली जाते? क्लचने. क्लच अर्धवट दाबून रेस वाढवायची आणि झटकन सोडायचा. इंजिनाच्या फिरत्या भागांत साठलेला जोर एकदम चाकाला मिळतो. यामाहा आरएक्स १०० चं नाव निघालं की आजही काहींचे डोळे चमकतात. १९८५ ते १९९६ या काळात विकली गेलेली ही गाडी जेमतेम १०३ किलोची, ताकद ११ अश्वशक्ती आणि दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास. अशी हलकी, आखूड गाडी चटकन उठते. याउलट ॲव्हेंजरसारखी क्रूझर. तिच्या चाकांमधलं अंतर जवळपास दीड मीटर आणि बैठक खाली. ती उचलायची तर घाम फुटतो.

जास्त उंच म्हणजे जास्त संथ

हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटतच नाही. चाक जमिनीपासून वीतभर उचललेलं असेल तर ते तिथे टिकवायला सतत वेग वाढवत राहावा लागतो. वेग वाढता वाढता इंजिनाचा दम संपतो आणि चाक आपटतं. गाडी अधिक उभी झाली, वजनाचा मध्य मागच्या टायरच्या टेकणीच्या बरोबर वर आला, की मात्र इंजिनाकडून फारसं काही लागत नाही. हाच तो बॅलन्स पॉइंट. इथे गाडी सायकलच्या वेगानेही चालते. तळहातावर काठी उभी धरणारं पोर हात जसा सारखा मागेपुढे करतं, तसा इथे स्वार ॲक्सिलरेटर आणि ब्रेक हलकेच मागेपुढे करत असतो.

म्हणून ‘मी थोडंसंच उचलतो, फार नाही’ म्हणणारा शिकाऊ मुलगा प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेगात असतो. मुरलेला स्टंट रायडर त्याच्या शेजारून चाक आकाशाकडे करून संथपणे निघून जातो.

खरी गोष्ट उजव्या पायाची

मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती मागच्या ब्रेकची पट्टी. मागचा ब्रेक दाबला की रेट्याची दिशा उलटते. टायर मागे ओढतो, वरचं वजन पुढे जाऊ पाहतं आणि उठलेलं चाक खाली येतं. लगेच येतं. बॅलन्स पॉइंटच्या पलीकडे गेलेल्या गाडीला नुसता ॲक्सिलरेटर सोडून भागत नाही. तिथे ब्रेकच गाडी परत आणतो.

यात माणसाचं शरीरच दगा देतं. गाडी मागे जायला लागली की आपण मागे रेलतो, हात ताठ होतात, आणि हँडल घट्ट धरलेलं उजवं मनगट नकळत आणखी पिळलं जातं. म्हणजे जेव्हा रेस कमी व्हायला हवी, नेमकी तेव्हा ती वाढते. उताणे पडणारे बहुतेक असेच पडतात. मनगटावर विसंबता येत नाही, म्हणून पाय तयार करायचा.

तो तयार होतो चाक न उचलता. बुटाचा चवडा पट्टीवर हलका टेकलेला, घोटा सैल. पहिल्या गिअरमध्ये ताशी दहा-पंधराच्या वेगाने जायचं आणि दर थोड्या अंतराने पट्टीला टिचकी द्यायची, इतकी हलकी की गाडी थांबू नये, फक्त नाक किंचित खाली जावं. हे इतकं घोटायचं की डोक्यात विचार यायच्या आत पाय दबला पाहिजे. मग चाक दोन-चार इंच उचलायचं आणि लगेच ब्रेकने खाली आणायचं. ॲक्सिलरेटर सोडून नाही, ब्रेकनेच. उंची वाढवायची ती यानंतर, बोटाबोटाने. चांगले प्रशिक्षक विद्यार्थ्याला आधी उतरायला शिकवतात, चढायला मागाहून.

गिअर नसलेल्या स्कूटरला मागचा ब्रेक डाव्या हाताशी असतो. स्टंटच्या गाड्यांनाही डाव्या हँडलवर, क्लचच्या जोडीला, मागच्या ब्रेकची आणखी एक दांडी बसवतात. पाय पट्टीवर नसेल अशा करामतींसाठी ती लागते.

जागा, जामानिमा आणि जमिनीवर उतरणं

शिकायला गवताळ किंवा मातीचं मोकळं मैदान आणि हलकी डर्ट बाइक, ही जगभरची पसंती. माती मऊ असते, वेग कमी राहतो आणि गाडी पडली तरी वाकलेली क्लचची दांडी बदलून काम भागतं. इंग्लंडमध्ये जुन्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवर व्हीलीच्या एक दिवसाच्या शाळा भरतात. तिथल्या काही गाड्यांना असं यंत्र असतं, की ठरावीक कोनापलीकडे गाडी उठली की इंजिनाची ताकद आपोआप तुटते. आपल्याकडे बंगळुरूजवळ कोलारला सी. एस. संतोष यांचं बिगरॉक डर्ट पार्क आहे. डकार रॅलीत उतरलेल्या या स्वाराच्या तालमीत मातीवरची गाडी शिकता येते. व्हीलीचा पाया तोच.

अंगावर काय हवं? पूर्ण तोंड झाकणारं, आयएसआय शिक्का असलेलं हेल्मेट, हातमोजे, कोपर-गुडघ्याची गार्ड आणि पाठीचा कणा सांभाळणारं बॅक प्रोटेक्टर. मागे पडणारा माणूस आधी माकडहाडावर आपटतो, त्यामुळे शेवटची वस्तू अजिबात टाळू नका. पायात घोट्यापर्यंतचे बूट. सँडलमधल्या पायाला ब्रेकची टिचकी कळतच नाही.

आणि गाडी हातातून गेलीच तर सोडून द्या. मागे उतरून, चार पावलं धावून उभं राहता येतं, पण ते वेग कमी असतानाच. हँडलला लटकत राहणाऱ्याच्या अंगावर दीडशे किलो लोखंड येतं. खाली येतानाही एक पथ्य आहे: पुढचं चाक सरळ हवं. वाकडं टेकलं तर हँडल दोन्ही बाजूंना थाडथाड झटके देतं.

गाडी काय म्हणते?

ज्या गाड्यांची स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून निघते, त्यांचा काटा व्हीलीत घसरत शून्याकडे येतो. गाडी पळतेय, काटा झोपलाय! एबीएसच्या गाडीत पुढचं चाक मंदावलेलं आणि मागचं फिरतंय हे पाहून संगणक गोंधळतो आणि दिवा पेटवतो. लांबच्या व्हीलीत याहून गंभीर गोष्ट घडते. ऑइल चेंबरच्या मागच्या बाजूला जमा होतं, पंपाच्या तोंडाशी हवा जाते आणि बेअरिंगं कोरडी पडू लागतात. ऑइलचा दिवा लागला की खेळ तिथेच थांबवायचा.

नेहमी चाक आपटणाऱ्याच्या गाडीचे फोर्कचे सील गळतात, कोनसेट ढिला होतो, क्लचप्लेटा जळतात. मेकॅनिक हँडल एकदा हलवून बघतो आणि त्याला सगळं कळतं.

स्टंटसाठी बांधलेली गाडी म्हणूनच साध्या गाडीपेक्षा वेगळी दिसते. मागचं स्प्रॉकेट ताटाएवढं, म्हणजे कमी वेगात जास्त ओढ. मागच्या टायरात हवा कमी. इंजिनाभोवती नळ्यांचा पिंजरा. मागे शेपटीखाली एक दांडा, गाडी पार उभी झाली तर तो जमिनीला घासतो आणि उलटण्यापासून वाचवतो. शिवाय आयडलिंग वाढवलेलं, कारण ब्रेक दाबताच इंजिन बंद पडलं तर सगळंच मुसळ केरात.

शर्यतीत मात्र व्हीली नकोच

जिंकल्यावर रायडर व्हीली करतो, पण शर्यत चालू असताना तीच त्याची डोकेदुखी असते. चाक हवेत गेलं की वळता येत नाही आणि ताकद वाया जाते. डुकाटीने २०१५ मध्ये मोटोजीपीच्या गाड्यांना छोटे पंख लावले, त्यामागे पुढचं चाक हवेच्या दाबाने खाली ठेवण्याचा हेतू होता. त्याच वर्षीच्या यामाहा आर१ मध्ये गाडीचा कल सहा अक्षांवर मोजणारा सेन्सर आला. चाक उठतंय हे कळताच संगणक ताकद आवरतो. एप्रिलियाने तर २०११ च्या आरएसव्ही४ मध्येच व्हीली कंट्रोल दिलं होतं.

शर्यतीबाहेरची, सिनेमातली एक गोष्ट मुलींसाठी मुद्दाम सांगतो. ‘ॲव्हेंजर्स: एज ऑफ अल्ट्रॉन’मधली ब्लॅक विडो गाडीवर ज्या करामती करते, त्या फ्रान्सच्या सारा लेझिटो हिने केल्या आहेत. ती जगातल्या नावाजलेल्या स्टंट रायडरांपैकी एक.

रस्ता ही जागा नव्हे

शिकलेल्या माणसालाही रस्त्यावर वाळू, खड्डा, कुत्रं, वळणारी रिक्षा यांचा अंदाज नसतो, आणि उठलेल्या चाकाला ना वळवता येतं ना पुढचा ब्रेक लावता येतो. दोन चाकांवरची गाडी थांबते ती बहुतांशी पुढच्या ब्रेकने. व्हीलीत तोच हातचा गेलेला असतो. २०२३ मध्ये चेन्नई-बंगळुरू महामार्गावर व्हीली करताना एक यूट्यूबर पडला. हाड मोडलं, अटक झाली आणि लायसन्स दहा वर्षांसाठी गेलं.

आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक चालवण्याबद्दल पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १ हजार ते ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही सांगतं. गाडीवर अठराच्या आतला मुलगा असेल तर कलम १९९ अ लागतं: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

तेव्हा पुणे, नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगरच्या बाइक क्लबांना एकच विनंती आहे. राइडला जसे महिन्यातून एकदा निघता, तसं महिन्यातून एकदा मैदान भाड्याने घ्या, एक डर्ट बाइक ठेवा, रुग्णवाहिका उभी करा आणि नव्या मुलांना पहिला पूर्ण तास फक्त मागचा ब्रेक शिकवा.