तोडणीच्या तारखा : वहीतून पट्टीतक्त्यावर



मोळी गव्हाणीत पडली की शेतकी खात्यात एकच प्रश्न शंभर तोंडांनी येतो, "साहेब, आमच्या फडात टोळी कधी?" प्रश्न रास्त आहे. वर्ष-दीड वर्ष पाणी पाजून, खताचे पैसे उसनवार करून वाढवलेला ऊस आहे तो. आपल्या धाराशिव जिल्ह्यात विहिरीचं पाणी फेब्रुवारीतच तळ दाखवू लागतं. उभा ऊस मार्चात गेला तर त्यात दशी पडते, वजन घटतं. शिवाय १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा धरण्यात फारसा अर्थ राहत नाही. म्हणजे पंधरा दिवसांच्या उशिराने सभासदाची दोन पिकं बिघडतात.

पूर्वी उत्तर जाड नोंदवहीत असे. आता लागणीच्या नोंदी संगणकात आहेत. पण दहा हजार ओळींची यादी पडद्यावर दिसली म्हणून काही कळत नाही. वही ती वहीच. म्हणून आम्ही या नोंदींचा पट्टीतक्ता करायला घेतला आहे. मायक्रोसॉफ्टच्या 'पॉवर बीआय'सारख्या संगणक प्रणालीत तो होतो. प्रत्येक प्लॉटची एक आडवी पट्टी, खाली महिने, आणि 'आज' दाखवणारी एक उभी रेघ. ऊस पक्व होण्याच्या पहिल्या तारखेला पट्टी सुरू होते आणि शेवटच्या तारखेला संपते. रेघ पट्टीच्या पुढे निघून गेली आणि ऊस उभाच असला, तर ती पट्टी लाल. ही युक्ती काही कालची नव्हे. हेन्री गँट नावाच्या अमेरिकन अभियंत्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कारखान्यांतली कामं अशाच पट्ट्यांनी मांडली, आणि आजही अशा तक्त्याला त्याचंच नाव आहे.

धरणाच्या किंवा रस्त्याच्या कामाला एक ठरलेली तारीख असते. उसाला तसं नाही, त्याला मुदत असते. आडसाली सोळा ते अठरा महिने, पूर्वहंगामी चौदा-पंधरा, सुरू बारा, खोडवा अकरा-बारा. त्यात वाणाचा फरक आहेच. कोसी ६७१ लवकर साखर धरतो, को ८६०३२ आणि फुले २६५ थोडे सावकाश. म्हणून तक्त्यात एक ठिपका देऊन भागत नाही, पट्टीच लागते. आणि पट्टी काही सांगो, फडात जाऊन हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर शेंड्याचा आणि बुडख्याचा ब्रिक्स जवळपास आला आहे की नाही हे बघावंच लागतं. संगणकाला ऊस चाखता येत नाही.

तक्ता मांडताना पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती अशी. १० जुलैची आडसाली लागण पुढच्या वर्षी १० नोव्हेंबर ते १० जानेवारीत तोडणीला येते. २० ऑक्टोबरची पूर्वहंगामी लागण पुढच्या वर्षी २० डिसेंबर ते २० जानेवारीत. आणि त्याही मागून, १५ जानेवारीला केलेली सुरू, पुढच्या १५ जानेवारीला. लागणीत सहा महिन्यांचं अंतर, पण तोडणीला तिघंही एकाच दारात उभे! वहीत हे कधी दिसत नाही, कारण वही लागणीच्या क्रमाने लिहिलेली असते.

म्हणून नुसत्या पट्ट्या पुरत नाहीत, त्यांच्याखाली गाळपाचा भारही मांडावा लागतो. समजा, कारखाना रोज २५०० टन गाळतो. पंधरा दिवसांत ३७,५०० टन. त्याच पंधरवड्यात २००० एकर पक्व झाला आणि एकरी ३० टन धरले, तर ६०,००० टन. उरलेले २२,५०० टन म्हणजे आणखी नऊ दिवस, तेही मिल एक तासही बंद न पडता आणि टोळ्या पुरेशा असताना. हे नऊ दिवस कुणाच्या वाट्याला यायचे? आमच्या मते ते लागण तारखेच्या क्रमाने आणि विहिरीचं पाणी बघून ठरावेत, ओळखीने किंवा टोळीला दिलेल्या खुशालीने नव्हे. तक्ता गट ऑफिसच्या भिंतीवर लागला की मागची पट्टी पुढे कशी गेली, हे कुणीही विचारू शकेल. (काहींना हे आवडणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे.)

आता तारखेच्या लिखाणाबद्दल, कारण सगळा घोळ तिथेच होतो. आपण ०७/०८ लिहितो ते ७ ऑगस्ट. संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची असली, तर तो महिना आधी वाचतो आणि ८ जुलै समजतो. सोळा महिने मोजले की ७ डिसेंबरचा ऊस ८ नोव्हेंबरला तोडणीला दिसतो आणि टोळी कोवळ्या फडात शिरते. २१/०८ ची गंमत वेगळीच. एकविसावा महिना नसतो, म्हणून संगणक ती तारीख मानतच नाही, साधा मजकूर म्हणून ठेवतो. त्या प्लॉटची पट्टीच उमटत नाही. सभासद वाट बघत राहतो आणि तक्ता सांगतो, असा ऊसच नाही. रिकामी राहिलेली तारीखही अशीच गडप होते. म्हणून तक्त्यातल्या पट्ट्या आणि नोंदवहीतले प्लॉट यांची बेरीज जुळल्याखेरीज तो भिंतीवर लावायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

ऊस तुटल्यावरही एक तारीख चालूच राहते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याची आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याजाची तरतूद केली. शेवटच्या वजनपावतीपासूनचे हे १४ दिवसही त्याच पट्टीला वेगळ्या रंगात जोडता येतात. कारखान्याच्या बाजूची मुदतही सभासदाला दिसली पाहिजे, नाहीतर तक्ता एकतर्फी होईल.

तेव्हा स्लिपबॉय बांधावर येईल त्या वेळी लागणीची खरी तारीख सांगा. नंबर लवकर लागावा म्हणून महिनाभर मागची सांगण्याची चाल आहे, पण ब्रिक्स घेतला की ती उघडी पडते. महिना अक्षरांत लिहायला लावा, '७ ऑगस्ट' असा. गट नंबर, वाण आणि लागण की खोडवा हे पावतीवर तपासून घ्या. एका गटात दोन वेळा लागण असेल तर दोन नोंदी करा. चूक दिसल्यास सातबारा आणि नोंद पावती घेऊन आपल्या गट ऑफिसला यावे. दुरुस्ती तिथेच, आपल्यासमोर केली जाईल.