जिल्हा बदलल्यावर हरवलेला बंदुकीचा परवाना

पिकांच्या राखणीसाठीं किंवा स्वसंरक्षणासाठीं परवान्याची बंदूक बाळगणारे कांहीं शेतकरी आपल्या भागांत आहेत. तेरणाकांठच्या उसांत किंवा माळावरच्या ज्वारींत रानडुकरांचा कळप शिरला म्हणजे एका रात्रींत किती नासधूस होते, हें ढोकी, तेर, मुरूड या बाजूच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. पाखरांना माळ्यावरची गोफण पुरते. डुकरांना ती पुरत नाहीं. म्हणून बंदूक जपली जाते, तिला वेळेवर तेलपाणी होतें. परंतु तिचा परवाना मात्र खरेदीखतें व सोसायटीच्या पावत्या यांच्या जुडग्यांत कोठें तरी पडलेला असतो. पुढें मुलांच्या शिक्षणासाठीं लातुरास, व्यापारासाठीं बार्शीस किंवा नोकरीमुळें पुण्यास बिऱ्हाड हलतें, आणि त्या हलवाहलवींत नेमका तोच कागद नाहींसा होतो. अशा वेळीं काय करावें, कोणत्या क्रमानें करावें व कां करावें, याचा खुलासा येथें करण्याचें योजिलें आहे.

कागद आणि नोंद

परवाना हरवणें व परवाना रद्द होणें या दोन गोष्टी अगदीं भिन्न आहेत. आपल्या हातीं असतो तो कागद. अधिकाराची नोंद परवाना देणाऱ्या कचेरीच्या दप्तरांत असते. कागद गेल्यानें ती नोंद पुसली जात नाहीं. परंतु आपला अधिकार दुसऱ्यास दाखविण्याचें साधन जातें, आणि अडचण येते ती येथेंच. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १९ व्या कलमाप्रमाणें, शस्त्र घेऊन जाणाऱ्या कोणाही इसमाकडे पोलीस अधिकारी परवाना मागूं शकतो, व तो दाखवितां न आल्यास नांव-पत्ता घेऊन जरूर तर शस्त्र जप्त करूं शकतो. विनापरवाना बंदूक बाळगण्यास २५ व्या कलमांत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, सामान्यतः कमींत कमी दोन व अधिकांत अधिक पांच वर्षें कैद आणि दंड सांगितला आहे. परवाना असून त्याची अट मोडल्यास ३० व्या कलमाखालीं सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. ज्याची नोंद दप्तरांत शाबूत आहे, त्यानें केवळ आळसामुळें एका कागदाच्या प्रश्नास गुन्ह्याचें स्वरूप येऊं देऊं नये.

कोणत्या जिल्ह्याचें दप्तर?

ढोकीच्या रहिवाशाचा परवाना धाराशिव येथील जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कचेरींतून मिळतो. लातुरास त्या जिल्ह्याचे व बार्शीस सोलापूर जिल्ह्याचे जिल्हादंडाधिकारी हें काम पाहतात. पुणें शहरांत मात्र तें पोलीस आयुक्तांकडे असतें. बार्शी ढोकीहून फार दूर नाहीं. पण दप्तराच्या दृष्टीनें तो परका जिल्हा आहे, हें विसरूं नये.

आपल्या भागांत कधीं माणूस हलत नाहीं, जिल्हाच हलतो! १९८२ सालीं जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यांतून लातूर जिल्हा निराळा झाला, आणि २०२३ सालीं उस्मानाबाद जिल्ह्याचें नांव धाराशिव झालें. जुन्या परवान्यावर ‘उस्मानाबाद’ असें असेल तर अर्जांत दोन्ही नांवें लिहावींत, म्हणजे कारकुनास जुनी नोंदवही शोधणें सोपें जाईल. आजोबांच्या पेटींत निजामी अमदानींतील कागद सांपडला, तर तो घराण्याची आठवण म्हणून जपावा. आज तो परवान्याचें काम करणार नाहीं.

चार पायऱ्या

पहिली पायरी पोलीस ठाण्याची. कागद नाहींसा झाल्याचें ध्यानांत येतांच जवळच्या ठाण्यांत लेखी खबर द्यावी. तींत परवान्याचा क्रमांक व तारीख, देणाऱ्या कचेरीचें नांव, बंदुकीचा प्रकार, म्हणजे ठासणीची कीं काडतुसाची, एकनळी कीं दुनळी, तिच्यावर कोरलेला क्रमांक आणि जवळ असलेल्या काडतुसांची संख्या लिहावी. खबर दिल्याची शिक्क्यासह प्रत घेतल्यावांचून उठूं नये. पुढचे सर्व अर्ज तिच्याच आधारानें चालतात.

दुसरी पायरी बंदुकीच्या ताब्याची. खबर देण्यास जातांना बंदूक बरोबर नेऊं नये. कागद नसतां ती टेम्पोंत सामानाबरोबर घालून एका जिल्ह्यांतून दुसऱ्यांत नेणें, हा तर संकटास आमंत्रण देण्याचा मार्ग होय. ती कुलपांत ठेवून ठाणेदारांस विचारावें व ते सांगतील त्याप्रमाणें ठाण्यांत किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, तिची स्थिती व काडतुसांची संख्या येईल असें पाहावें. परवान्याची मुदतही संपली असेल, तर २१ व्या कलमाप्रमाणें बंदूक जमा करणें बंधनकारकच आहे.

तिसरी पायरी पत्ता बदलण्याची. कायमचें राहण्याचें ठिकाण बदलल्यास त्याची वर्दी ३० दिवसांच्या आंत नव्या ठिकाणच्या परवाना कचेरीस द्यावी व जुन्या कचेरीसही कळवावें. पुष्कळ लोक ही पायरी विसरतात, आणि हरवलेल्या कागदाचें प्रकरण अडतें तें येथेंच: नव्या जिल्ह्यांत अर्जदाराची नोंद नसते, व जुना जिल्हा म्हणतो कीं अर्जदार आतां येथें राहत नाहीं. हा पेंच सोडविण्यास एकच सूत्र ध्यानांत ठेवावें: नोंद जेथें आहे, तेथें अर्ज. नोंद नव्या जिल्ह्यांत आली असल्यास दुय्यम प्रतीसाठीं तेथें जावें. ती अद्याप जुन्या जिल्ह्यांत असल्यास प्रथम तेथें जाऊन परवाना दिल्याबद्दलचा दाखला व ना-हरकत मिळवावी आणि मग नव्या कचेरीचें दार ठोठवावें.

चौथी पायरी दुय्यम प्रतीच्या अर्जाची. अर्जासोबत खबरेची प्रत, कागद कसा हरवला याचें प्रतिज्ञापत्र, ओळखीचा व नव्या पत्त्याचा पुरावा, छायाचित्रें, बंदूक खरेदीची पावती आणि जमा केल्याची पावती जोडावी. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें प्रत्येक परवाना राष्ट्रीय माहितीसंग्रहांत नोंदला जातो व त्यास ‘यूआयएन’ नांवाचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. हा क्रमांक जवळ असल्यास परक्या जिल्ह्यांतील कारकुनासही नोंद थोड्या वेळांत सांपडते.

शेत मागें राहिलें तर?

पीकसंरक्षणासाठीं दिलेल्या परवान्याची गोष्ट थोडी निराळी आहे. अधिनियमाच्या १३ व्या कलमांत खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. त्याचें कारण शेत हें होय. मालक पुण्यास गेला व शेत ढोकीसच राहिलें, तर पुण्याच्या बिऱ्हाडीं त्या बंदुकीस काम उरत नाहीं. अशानें अर्जांत शेत कोण कसतो, राखण कोण करतो व बंदूक कोठें राहणार, हें सातबाराच्या उताऱ्यासह स्पष्ट लिहावें. मालकाच्या परवान्यावर भावानें किंवा सालगड्यानें परस्पर बंदूक वापरणें चालणार नाहीं. तशी गरज असल्यास आधीं कचेरीस विचारावें.

हेंही सांगणें अवश्य आहे कीं, बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणें काळविटास पूर्ण संरक्षण आहे, आणि पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराच्या किंवा रोह्याच्या बाबतींतही वनखात्याची परवानगी लागते. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आंत राहणाऱ्या परवानाधारकांनीं त्याच अधिनियमाच्या ३४ व्या कलमाप्रमाणें आपल्या शस्त्राची नोंद वनखात्याकडेही केली पाहिजे. त्या टापूंत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीवांचून मिळत नाहीं. बंदूक जमा असतांना पिकाची हानि झाली तर वनखात्यास ताबडतोब कळवून पंचनामा करवून घ्यावा व भरपाईचा अर्ज करावा. राखण थांबली म्हणून भरपाईचा हक्क सोडूं नये.

अर्ज नाकारला तर?

कचेरीनें परवाना नाकारल्यास निराश होऊन घरीं बसूं नये. नकाराचीं कारणें लेखी नोंदविणें कायद्यानें आवश्यक आहे, व सार्वजनिक हिताची अडचण नसेल तर मागणी केल्यावर त्यांचा थोडक्यांत तपशील अर्जदारास द्यावा लागतो. त्याविरुद्ध १८ व्या कलमाखालीं मुदतींत अपील करतां येतें. तोंडीं ‘नाहीं’ म्हणून परत आलेल्या माणसाजवळ अपिलास आधार राहत नाहीं. म्हणून प्रत्येक अर्जाची पोंच घ्यावी.

आतांच करण्यासारखें

ज्यांचा परवाना सुरक्षित आहे, त्यांनीं हा लेख वाचून झाल्यावर एवढें करावें. परवान्याच्या सर्व पानांच्या दोन प्रती काढाव्यात. एक घरीं परवान्यापासून निराळ्या जागीं व दुसरी विश्वासू नातलगाकडे ठेवावी. परवान्याचा क्रमांक, यूआयएन, बंदुकीचा क्रमांक व मुदत संपण्याची तारीख घरच्या वहींत लिहावी आणि ती वही कोठें असते हें घरधनिणीस व वडील मुलास सांगावें. २०१९ पासून परवान्याची मुदत पांच वर्षांची झाली आहे. एवढ्या काळांत तारखेचा विसर पडणें सहज शक्य आहे. बिऱ्हाड हलविण्याचा बेत ठरतांच, सामान बांधण्याच्या आधीं, परवाना मूळ कचेरीस दाखवून पुढील व्यवस्था विचारावी. या कामास एखादी खेप पडेल. पण ऐन सुगींत डुकरें शेतांत आणि बंदूक ठाण्यांत, अशी स्थिति येण्यापेक्षां ती खेप पुष्कळ स्वस्त पडेल.