थांबत नसलेली फिट आणि वाचण्याची शक्यता

बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं उलटूनही झटके चालूच राहिले, तर ती आणीबाणी असते. पूर्वी ही मर्यादा तीस मिनिटांची मानत. पण फिट जितकी लांबते तितकी ती औषधाला दाद देईनाशी होते, हे कळल्यावर डॉक्टरांनी ही मर्यादा खाली आणली. आपल्याकडे अजूनही ही मोलाची मिनिटं कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात जातात, याचं फार वाईट वाटतं.

औषध लागू का पडत नाही? मेंदूतल्या पेशींना शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं. मिडॅझोलम, लोराझेपाम ही पहिल्या फळीची औषधं त्याच्याच रिसेप्टरवर काम करतात. फिट लांबली की पेशी हे रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेतात आणि उत्तेजना वाढवणारे एनएमडीए रिसेप्टर बाहेर जास्त येतात. म्हणजे औषध रक्तात असतं, पण त्याला धरायला जागाच उरत नाही. मग लेव्हेटिरासिटाम, व्हॅलप्रोएट किंवा फॉस्फेनिटॉइन देतात. पहिल्या औषधाने न थांबलेल्या फिटांवर या तिन्हींची तुलना अमेरिकेत झाली. २०१९ मध्ये निकाल आला, तेव्हा तिन्ही औषधं जवळपास निम्म्याच रुग्णांत यशस्वी ठरली होती.

उरलेल्यांना आयसीयूत भूल देऊन व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. प्रोपोफॉल, थायोपेंटोन, अलीकडे केटामिनही. हात-पाय शांत झाले म्हणजे फिट थांबली असं नाही, मेंदूत ती चालू राहू शकते, म्हणून मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणारा ईईजी सतत लावून ठेवणं गरजेचं. भूल सुरू करून चोवीस तास झाले तरी फिट चालूच असेल, किंवा भूल कमी करताच परत येत असेल, तर तो न थांबणाऱ्या फिटचा सर्वांत हट्टी प्रकार.

नातेवाईक विचारतात, वाचेल का? लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ सायमन शॉर्व्हन आणि त्यांच्या सहकारी मोनिका फर्लिसी यांनी जगभरच्या अशा रुग्णांच्या नोंदी २०१२ मध्ये एकत्र मांडल्या. साधारण एक तृतीयांश रुग्ण दगावले होते, जवळपास तेवढेच पूर्ववत झाले होते आणि बाकीच्यांत कमी-अधिक अपंगत्व राहिलं होतं. मला यातला पूर्ववत झालेल्यांचा आकडा महत्त्वाचा वाटतो. ही माणसं दिवसच्या दिवस, काही तर आठवडेच्या आठवडे बेशुद्ध होती.

कोण वाचेल हे ठरवण्यात सर्वांत मोठा वाटा कारणाचा. जुन्या मिरगीच्या रुग्णाने गोळ्या चुकवल्या असतील, तर आशा बरीच. हृदय बंद पडून मेंदूला प्राणवायू मिळाला नसेल, तर फारच कमी. वयही बघावं लागतं.

आणि काही कारणं सहजी सापडत नाहीत. २००७ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप डाल्माउ यांनी एका आजाराचं वर्णन केलं. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवरच हल्ला करते. रुग्ण बऱ्याचदा तरुण मुली. काहींच्या अंडाशयात गाठ असते, ती काढली आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं दिली की सुधारणा सुरू होते. यातल्या सगळ्यांनाच न थांबणारी फिट येत नाही. पण २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात दोन वर्षांनी या आजाराचे सुमारे ८० टक्के रुग्ण चांगल्या स्थितीत होते आणि काहींची सुधारणा दीड वर्षापर्यंत चालू होती. पंधराव्या दिवशी पाहणाऱ्याला यातलं काय दिसणार?

म्हणून मृत्यूचे आकडे वाचताना सावध राहावं. आता काही होणार नाही असं ठरवून जिथे उपचार थांबवले गेले, ते मृत्यूही त्यांत मोजलेले असतात. पैसे संपल्यामुळे कुटुंबाला थांबावं लागतं, हेही आपल्याकडचं वास्तव. रुग्ण तरुण असेल, एमआरआयमध्ये मोठी कायमची इजा दिसत नसेल आणि कारण उपचारांनी आटोक्यात येण्याजोगं असेल, तर केवळ दिवस मोजून आशा सोडणं मला चूक वाटतं. अर्थात, वाचलेल्यांनाही पुढे मिरगीच्या गोळ्या, अशक्त झालेल्या स्नायूंसाठी फिजिओथेरपी आणि विस्कटलेल्या स्मरणशक्तीशी झगडणं अनेकदा चुकत नाही. डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या यादीइतकीच या पुनर्वसनाची आखणीही मागून घ्यावी.