टायर नवा, पण बसवणारा कोण?

वाचकहो, माथेरानला मोटार चालत नाही, हे आपल्या कर्जत-खालापूरकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी उभी करायची आणि पुढे पायी किंवा घोड्यावर जायचे, ही तिथली जुनी रीत. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले आणि अलीकडे सुरू झालेल्या ई-रिक्षा सोडल्या, तर ती रीत आजही कायम आहे. मग माथेरानच्या नावाने टायरची गोष्ट कशाला, असे तुम्ही विचाराल. पण टायरची खरी परीक्षा पाहायची तर याच डोंगराच्या पायथ्याशी यावे. १९०७ साली सुरू झालेली छोटी आगगाडी नेरळहून वळसे घेत घेत सुमारे २१ किलोमीटर चालते. मोटारीचा रस्ता मात्र त्याच्या निम्म्याहून कमी अंतरात दस्तुरी गाठतो. आता चढ किती खडा असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. त्यात पावसाळ्यातली निसरड आणि धुके. अशा रस्त्यावर गाडी जमिनीला धरून राहते ती चार तळहातांएवढ्या रबरावर!

आमच्यावर आलेला प्रसंग

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. आमच्या जुन्या जीपला चारही टायर नवे घातले होते. चांगल्या कंपनीचे, पक्क्या बिलाचे. बसवले मात्र घाईने, जे दुकान आधी दिसले तिथे. पोऱ्याने नट आवळले, आम्ही पैसे दिले आणि निघालो. चार दिवसांनी काकडी-भेंडीच्या पाट्या घेऊन दस्तुरीला गेलो. माल उतरवला आणि परत निघालो. सौ. शेजारी बसली होती. दोन वळणे उतरलो न उतरलो तोच ती म्हणाली, "अहो, चाकातून काहीतरी वाजतंय." मी म्हटले, "रिकाम्या पाट्या वाजत असतील." ती ऐकेना. "पाट्या मागे आहेत, आवाज माझ्या पायाखालून येतोय. थांबवा आधी."

जुम्मापट्टीच्या अलीकडे गाडी डोंगराच्या कडेला घेतली आणि उतरून पाहिले. पुढच्या डाव्या चाकाच्या पाच नटांपैकी तीन नट बोटांनी फिरत होते! एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला कातळ. आणखी दोन वळणे गेलो असतो तर हा लेख लिहायला मी राहिलो असतो की नाही, देव जाणे. टायरमध्ये काडीचाही दोष नव्हता. दोष बसवण्यात होता, आणि बसवताना तिथे उभे न राहणाऱ्या माझ्यातही होता.

धाव चढवतानाची आठवण

आमच्या वडिलांच्या वेळी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची असली, की घरातला एक माणूस लोहाराकडे दिवसभर बसून राहत असे. धाव लाल तापली का, चाकावर सरळ बसली का, पाणी वेळेवर ओतले का, हे सगळे डोळ्यांनी पाहायचा. लोहारावर अविश्वास होता असे नाही, पण चाक आपले आणि गाडीत बसणारी माणसेही आपली. मोटार आली आणि आपण ती सवय सोडून दिली. ती पुन्हा लावून घ्यायला हवी.

भरवशाचा गॅरेजवाला कसा शोधावा?

दुकानाच्या पाटीवर जाऊ नका. नेरळ स्टेशनबाहेर दस्तुरीच्या टॅक्सी उभ्या असतात. तोच घाट रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या एखाद्या चालकाला विचारा, "दादा, तुम्ही स्वतःच्या गाडीचे टायर कुठे बसवता?" दुधाच्या टेम्पोवाल्याला विचारा. दोघा-तिघांच्या तोंडून एकच नाव आले तर ते दुकान पाहण्याजोगे समजा. मग तिथे आधी एखादे साधे पंक्चर काढून घ्या. शितावरून भाताची परीक्षा! खिळा काढल्यावर तो टायर आतून हात फिरवून पाहतो का? हवा मापाने भरतो का, की टायरला लाथ मारून "झाली" म्हणतो? नट शेवटी हाताच्या पान्याने तपासतो का? इतके पाहिले तरी माणूस कळतो.

टायर विकत घेताना

टायरच्या कडेवर सगळी कुंडली लिहिलेली असते. समजा '१८५/६५ आर १५ ८८ टी' असे आहे. १८५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. कडेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल. १५ इंच हे रिमचे माप. ८८ म्हणजे एका टायरने पेलायचे वजन ५६० किलो आणि 'टी' ही वेगाची मर्यादा. मालवाहू गाडीला वजनाचा आकडा ठरलेल्यापेक्षा कमी चालत नाही. दुकानदार "हाही बसतो" म्हणाला तरी नाही म्हणा.

दुसरी गोष्ट टायरच्या जन्मतारखेची. कडेवरच्या लांबलचक क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. '३२२४' असेल तर तो टायर २०२४ सालच्या ३२ व्या आठवड्यात तयार झाला. दोन-तीन वर्षे गोदामात पडलेला टायर नव्याच्या भावाने घेऊ नका. आयएसआयची खूण पाहा. पक्के बिल आणि त्यावर टायरचा क्रमांक घ्यायला विसरू नका. पुढे तक्रार करायची वेळ आली, तर जिल्हा ग्राहक आयोगापुढे तोच कागद बोलतो.

जुना टायर कधी काढावा? नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली की मोटारीला तो टायर नियमाने बाद. नक्षीच्या खाचांत रबराचे लहान उंचवटे असतात. झीज त्यांच्या बरोबरीला आली, की वेळ झाली असे समजावे. गोटा झालेला टायर पाण्यावर पकड सोडतो आणि उन्हात तापून फुटतो. २०२३ साली समृद्धी महामार्गावर अशा टायरांच्या गाड्या परिवहन खात्याने अडवायला सुरुवात केली, ती याचमुळे.

बसवताना उभे राहून पाहा

१. ट्यूबलेस टायर असेल तर व्हॉल्व्ह नवा घालायला सांगा. ट्यूबचा असेल तर ट्यूबही नवी घ्या. जुनी ट्यूब ताणलेली असते. नव्या टायरात तिला घडी पडते आणि ती तिथेच फाटते.

२. रिमची कड गंजली असेल तर ती घासून साफ करायला लावा. नाहीतर हवा हळूहळू जात राहते.

३. टायरवर बाण असेल तर चाक त्याच दिशेने फिरले पाहिजे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला तर हे हटकून पाहा. उलटा बसला, तर भाताच्या चिखलणीत तो चिखल झटकत नाही आणि पकड कमी होते.

४. दोनच नवे टायर घेतले असतील तर ते मागे घाला. लोक पुढे घालतात. पण ओल्या वळणावर मागचे चाक घसरले, तर गाडी गरकन फिरते आणि मग ती सावरत नाही.

५. बॅलन्सिंग करून घ्या. स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटही करा. नाहीतर नवा टायर एकाच कडेने झिजतो.

६. नट गोलाकार ओळीने नव्हे, तर समोरासमोरचे आलटून पालटून आवळायचे. शेवटचा आवळा गाडी जमिनीवर टेकवून, हाताच्या पान्याने.

७. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासा. मी चुकलो ते इथेच. चांगला गॅरेजवाला हे स्वतः होऊन सांगतो आणि त्याचे पैसेही मागत नाही.

घरी आल्यावर

पंधरा दिवसांतून एकदा सकाळी, गाडी थंड असताना हवा मोजा. मापाचा आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. स्टेपनीची हवाही पाहा. नव्या टायरावर साच्यातला गुळगुळीतपणा असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर सबुरीने चालवा. आणि घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. सगळा भार ब्रेकवर टाकू नका.

आमच्या घरी आता एक फुलीचा पाना जीपमध्ये कायम असतो. दस्तुरीला निघण्यापूर्वी सौ. स्वतः चारही चाकांचे नट तपासते आणि मगच गाडीत बसते. शेजारीपाजारी हसतात. हसू देत. टायर कंपनी बनवते, बसवतो गॅरेजवाला, पण गाडीत बसतात ती आपली माणसे, एवढे ध्यानात ठेवा म्हणजे झाले.