वयातून वर्दी वजा

भिलाईत वर्दीचं वेड जुनं. १९५९ साली इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, पुढे गेटांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल म्हणजे सीआयएसएफ आली, आणि गेटावरचा जवान बघत इथली पोरं मोठी झाली. मी महार रेजिमेंटमध्ये १७ वर्षं काढून हवालदार म्हणून परतलो. हल्ली पहाटे जयंती स्टेडियमपाशी फिरायला गेलो की भरतीवाली पोरं गाठतात. प्रश्न ठरलेला : ‘अंकल, एज निकल गया क्या?’

जुन्या फौजीचा हिशेब मी बोटांवर सांगतो. १९व्या वर्षी भरती, १७ वर्षं नोकरी, वय ३६. त्यातून १७ वजा, उरले परत १९. माजी सैनिकांना सरकारी नोकरीत घेण्याचा केंद्राचा १९७९चा नियम हाच. वजाबाकीनंतरचं वय पदाच्या मर्यादेच्या वर ३ वर्षांहून जास्त नसलं, की माणूस वयात बसला. महाराष्ट्राच्या पोलीस भरतीतही सेवेचा काळ अधिक ३ वर्षं सूट मिळते. लोक याला मेहेरबानी म्हणतात. कसली मेहेरबानी? ती वर्षं सरकारकडेच तर जमा होती!

परवा अग्निवीर भाचा सुट्टीवर आला. “मामा, माझीही ४ वर्षं वजा होतील ना?”

नाही रे बाबा. अग्निवीराला वजाबाकी नाही, ठरावीक सूट. केंद्रीय दलांत पहिल्या तुकडीला ५ वर्षं, नंतरच्यांना ३. सीआयएसएफ शिपायाची मर्यादा २३. पहिल्या तुकडीत २३पर्यंतची मुलं घेतली होती; ती २७ची होऊन सुटणार, मर्यादा २८. नंतरच्या तुकड्यांत जो २१व्या वर्षी शिरला तो २५ला सुटणार, मर्यादा २६. म्हणजे हातात जेमतेम वर्ष. एक भरती लांबली की खेळ खलास. २६ जुलै २०२४ला मुख्यमंत्री विष्णु देव साय यांनी छत्तीसगडच्या पोलीस शिपाई, वनरक्षक, जेल प्रहरी भरतीत अग्निवीरांना आरक्षण जाहीर केलं, तेव्हापासून पोरांचे डोळे तिकडेही लागलेत.

भाच्याला मात्र फायरमध्येच जायचंय. केंद्रीय सशस्त्र दलांत स्वतःची अग्निशमन शाखा फक्त सीआयएसएफकडे. वयात तो बसतो, पळण्याची चाचणीही माजी अग्निवीराला माफ. पण शिपाई-फायरला बारावी विज्ञान लागतं, आणि हा दहावीवर फौजेत गेलेला.

“बारावी करतोयस ना?”

“करतोय की.” तो बुटाच्या नाड्या सोडत होता. “आर्ट्स घेतलंय, मामा.”