तक्रारींच्या दूरध्वनीची नोंद

शेतकऱ्यांचे प्रश्न दूरध्वनीवर ऐकून घेण्याची सोय सरकारनें २१ जानेवारी २००४ रोजीं किसान कॉल सेंटरच्या रूपानें केली. बियाणें व खतें पुरविणाऱ्या सहकारी संस्थांनींही सभासदांच्या तक्रारींसाठीं अशीच सोय करणें इष्ट आहे. परंतु केवळ आवाज मुद्रित करून ठेवल्यानें कार्यभाग होत नाहीं. सोयाबीनची उगवण न झाल्याची तक्रार आठ दिवस पडून राहिली, तर दुबार पेरणीची वेळच निघून जाते.

यास्तव योजना अशी असावी: संभाषण संपतांच संगणकानें त्याचें लेखी रूपांतर करावें, ‘उगवण’, ‘भेसळ’, ‘वजन’ अशा शब्दांवरून तक्रारींची वर्गवारी करावी, तक्रार त्याच दिवशीं जबाबदार अधिकाऱ्याकडे धाडावी, आणि मुदतींत उत्तर न गेल्यास व्यवस्थापकास सूचना द्यावी. एकाच लॉटच्या तक्रारी एकत्र दिसल्या, म्हणजे त्याची विक्री तात्काळ थांबवितां येते. शेवटीं सभासदाचें समाधान झालें कीं नाहीं, हेंही विचारून नोंदवावें.

दोन गोष्टींचा मात्र विसर पडूं नये. ‘मावा’ म्हणजे कीड कीं खवा, हें यंत्रास दरवेळीं उमगेलच असें नाहीं. सबब त्याचें लिखाण जाणत्या माणसानें तपासावें. तसेंच, संभाषण नोंदलें जात आहे व तें कशासाठीं, हें आरंभींच सांगून बोलणाऱ्याची संमति घ्यावी.

शेतकरी बंधूंनींही पावती, पिशवी व तिजवरील लेबल जपून ठेवावें आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. यंत्र नोंद ठेवील. पुरावा आपणच राखला पाहिजे.